एकेचाळीस नंबरचं चित्र

चित्रकला स्पर्धेचे नियम एकूण तेवीस होते आणि ते सगळे एकाच व्यक्तीने वाचले होते. जिने लिहिले, तिने. पाणी तपासणी प्रयोगशाळेच्या मुख्य केमिस्टबाईंना त्याचं काही वाटलं नाही. आम्लाच्या बाटलीवरच्या सूचनाही कोणी वाचत नाही. म्हणून काही त्या छापायचं थांबवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

बाई शांत होत्या आणि काटेकोर होत्या. 'थोड्या वेळात येते' असं त्या कधी म्हणत नसत. 'अकरा मिनिटांत येते' म्हणत आणि अकराव्या मिनिटाला दारात असत. प्रयोगशाळेत त्यांना समोर 'मॅडम' आणि पाठीमागे 'बिनचूकबाई' म्हणत. शहरातल्या नळांचं पाणी पिण्याजोगं आहे की नाही, हे त्यांच्या सहीवर ठरे, आणि त्या सहीबद्दल आजवर कोणी ब्र काढला नव्हता.

ही स्पर्धा त्यांच्या गळ्यात पडली ती मागच्या वर्षामुळे. मागच्या वर्षी कर्मचाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची चित्रं हॉलमध्ये टांगली होती. परीक्षक होते साहेबांबरोबर सकाळी फिरायला जाणारे तिघे, आणि पहिलं बक्षीस गेलं साहेबांकडेच राहणाऱ्या त्यांच्या भाचीला. त्यावर स्टोअरकीपर कँटीनमध्ये, साहेबांच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणाला होता, "पुढच्या वर्षी चित्रं मागवायची दगदग कशाला? भाचीला बक्षीस घरपोच पाठवा."

यंदा एकाही चित्राचा पत्ता नव्हता. तेव्हा साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, यंदा स्पर्धा ऑनलाइन घेऊ, आणि ती तुम्ही घ्या."

"मला चित्रकलेतलं काही कळत नाही, सर."

"तेच तर हवंय! मागच्या वर्षी ज्यांना कळत होतं त्यांनीच घोळ घातला."

बाई कँटीनमध्ये आल्या तेव्हा स्टोअरकीपर चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला. "मॅडम, तुम्ही घेताय म्हणून माझ्या पोरीचं चित्र पाठवतो. पण यंदाही वास आला ना, तर उद्यापासून तुमच्या पाण्याच्या रिपोर्टवरची सहीसुद्धा मी दोनदा बघीन. सांगून ठेवतो."

बाकीचे हसले. बाईंना मात्र ते वाक्य घरी जाईपर्यंत टोचत राहिलं. रात्रीचं जेवण होईपर्यंत तेवीस नियम तयार होते.

विषय होता 'पाणी'. चित्राचा फोटो काढून फॉर्मवर चढवायचा. फॉर्म आपोआप चित्राला नंबर देणार आणि नाव एका कुलूपबंद फाइलमध्ये टाकणार. ती फाइल बक्षीस समारंभात सगळ्यांसमोर उघडायची. तोवर बाईंनाही नावं दिसणार नाहीत. परीक्षक तिघे, एकमेकांना न ओळखणारे: एक निवृत्त चित्रकला शिक्षक, एक घरांची अंतर्गत सजावट करणारे सजावटकार आणि दवाखान्यात खरी चित्रं टांगणारे एक डॉक्टर. प्रत्येकाने पन्नासपैकी गुण द्यायचे. एकूण दीडशेपैकी तीसपेक्षा कमी गुण पडलेली चित्रं यादीत दाखवायचीच नाहीत, म्हणजे उगाच कोणाचं मन दुखायला नको. आणि शनिवारी संध्याकाळी पाचला निकाल आपोआप कर्मचाऱ्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या ग्रुपवर जाणार. मधे मानवी हात नाही. स्वतःचासुद्धा नाही.

सातवा नियम बाईंनी ठळक अक्षरांत छापला होता: 'आयोजकाच्या घरातील कोणीही भाग घेऊ नये.'

"आपल्या घरात भाग घेणार तरी कोण?" नवरा म्हणाला. "मला सरळ रेघ येत नाही. आणि आई तर दुपारभर फोनवर तो कसलासा क्लास करत असते."

"विणकामाचा," बाई म्हणाल्या.

सासूबाई चष्मा पुसत होत्या.

चाळीस चित्रं आली. इथवर सगळं इतकं चोख होतं की कोणी दुसरं असतं तर थांबलं असतं. पण बाईंचा हात सवयीने पुढे गेला.

प्रयोगशाळेत पाण्याच्या नमुन्यांच्या प्रत्येक खेपेत बाई एक बाटली नुसत्या डिस्टिल्ड वॉटरची गुपचूप घालत. बाटलीवर फक्त नंबर. तपासणाऱ्याने त्यातही जंतू दाखवले तर समजायचं, बिघाड पाण्यात नाही, तपासणाऱ्यात आहे. या बाटलीला 'ब्लँक' म्हणतात. आता परीक्षक म्हणजे तपासणारेच. मग त्यांची तपासणी कोणी करायची?

बाईंनी घरात नजर फिरवली. धुण्याच्या मशीनवर, साबणाच्या पावडरीच्या डब्याखाली एक जाड कागद होता. त्यावर निळे, तपकिरी, हिरवट डाग, मधे डब्याच्या बुडाचा गोल वळ, आणि एका कोपऱ्यात पावडर सांडून रंग उडालेला. धुताना कुठल्यातरी कपड्याचा रंग गेला असणार. यापेक्षा निर्गुण काही सापडणं शक्य नव्हतं. बाईंनी त्याचा फोटो काढून चढवला. नंबर एकेचाळीस. मग नोंदवहीत तारीख घालून लिहिलं: 'नमुना ४१. ब्लँक. धुण्याच्या मशीनवरील कागद. अपेक्षित गुण: शून्य ते पाच.' सही केली, वही प्रयोगशाळेतल्या कपाटात ठेवली आणि किल्ली पर्समध्ये टाकली. तीसपेक्षा कमी गुण पडले की तो यादीतून आपोआप गळणार होता. हाताने काढायची गरजच नव्हती.

शनिवारी पाच वाजता बाई दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत आ वासून पडल्या होत्या. डाव्या बाजूचा जबडा इंजेक्शनने बधिर झाला होता. पर्समधला फोन एकदा वाजला. मग दोनदा. मग तो वाजायचा थांबेचना.

"घरी काही झालंय का?" डॉक्टरीणबाईंनी काळजीने फोन हातात आणून दिला.

ग्रुपवर निकाल लागला होता. सगळ्यात वर, एकशे एकेचाळीस गुण मिळवून, धुण्याच्या मशीनवरचा कागद झळकत होता.

खाली परीक्षकांचे शेरे होते. शिक्षकांनी लिहिलं होतं, 'मधलं अपूर्ण वर्तुळ म्हणजे आटत चाललेला तलाव. पन्नास वर्षांत अशी रेघ पाहिली नाही.' सजावटकारांनी लिहिलं होतं, 'कोपऱ्यातला विरलेला प्रकाश विलक्षण. इथे रंग लावलेला नाही, इथून रंग निघून गेला आहे!' हे मात्र शब्दशः खरं होतं. डॉक्टरांनी एवढंच लिहिलं होतं, 'विकत मिळेल का?'

तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"मॅडम, कमाल! असं चित्र आपल्या प्रयोगशाळेत? मी मोठी प्रत काढून फ्रेम करायला सांगतोय. सोमवारी स्वागतकक्षात लावू. चालेल ना?"

बाईंनी जिवाच्या आकांताने नकार द्यायचा प्रयत्न केला. बधिर जबड्यातून "हंऽ" याखेरीज काही निघालं नाही.

"मला माहीतच होतं, तुम्हालाही आवडणार," म्हणत साहेबांनी फोन ठेवला.

त्या घरी पोचेपर्यंत ग्रुपवर एकेचाळीस नंबरचे तीन मालक उगवले होते. हिशेबनीसाला ते आपल्या मेव्हण्याचं वाटत होतं, 'फक्त आडवं लावलंय.' ड्रायव्हरची बायको म्हणत होती, आमच्या धाकटीने असंच काहीतरी काढलं होतं, फोटो काढताना हलला असेल. तिसऱ्याने तर अभिनंदन स्वीकारायला सुरुवातही केली होती. स्टोअरकीपरने एकच ओळ टाकली होती: 'नावं सोमवारी उघडणार आहेत. तेव्हा बघू.'

सासूबाई दिवाणखान्यात फोन नाकाशी धरून बसल्या होत्या. बाई आत आल्या तसा त्यांनी तो पुढे केला.

"हा कागद आपल्या घरातला आहे."

"हो, आई," बाई म्हणाल्या. जबडा आता थोडा सैल झाला होता.

"माझा आहे तो."

"तुमचा? म्हणजे... तुम्ही रंगवला?"

"विणकाम कधीच सोडलं मी. हात दुखतात. चार महिने झाले, रंगांचा क्लास करतेय." सासूबाईंचा आवाज विचित्र येत होता. "तू पाठवलास का हा?"

"हो."

सासूबाईंनी फोनवरची यादी वरून खाली आणि खालून वर सरकवली. "यादी एवढीच का?"

"एवढीच."

"सगळी चित्रं आहेत ना पण यात?"

"तीसच्या वरची सगळी."

सासूबाई उठल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

बाईंना याचा अर्थ एकच दिसला. आईंचे डोळे भरून आले असणार. सुनेने आपली कला हेरली आणि न सांगता स्पर्धेत पाठवली, असं त्या समजून बसल्या असणार. आणि सुनेने ती कशी हेरली होती, तर वहीत तारीख घालून, सही करून, 'अपेक्षित गुण: शून्य ते पाच.'

"आता गप्प राहायचं," नवऱ्याने निकाल दिला. "आईला बक्षीस मिळू दे. तिला आयुष्यात कोणी पहिलं म्हटलेलं नाही."

"सातवा नियम मीच लिहिलाय."

"मग तू चित्र परत घे."

"कारण काय सांगू? हा टाकाऊ कागद होता? ते तुमच्या आईंना ऐकवायचं?"

"मग नको सांगू."

"आणि स्टोअरकीपर दोनदा बघेल त्या सहीचं काय? पाणी कोण पिणार त्या सहीवर?"

नवऱ्याने हात टेकले. रविवारी दोनदा बाई सासूबाईंच्या खोलीत गेल्या. पहिल्यांदा "आई, त्या कागदाबद्दल..." एवढं बोलून झालं, तोच उत्तर आलं, "मला त्या विषयावर आत्ता बोलायचं नाही." दुसऱ्यांदा त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि वळल्याही नाहीत. एवढा हळवेपणा बाईंनी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता. बाईंच्या जिवाला जास्तच लागलं.

सोमवारी दुपारी फ्रेम आली. स्वागतकक्षातल्या भिंतीवर, पाहुण्यांच्या सोफ्याच्या वर, साबणाच्या डब्याचा वळ गाडीच्या चाकाएवढा मोठा होऊन लटकला. शिपाई त्याच्यासमोर हात मागे बांधून उभा होता. "मॅडम, जितकं बघावं तितकं खोल जातंय," तो म्हणाला.

चार वाजता ऑनलाइन समारंभ सुरू झाला. पडद्यावर चौकटीच चौकटी. कोणाच्या मांडीवर पोर, कोणाच्या मागे वाळत घातलेले टॉवेल. परीक्षक तिघेही होते. अगदी खालच्या ओळीत बाईंना आपल्याच घराची खिडकी दिसली आणि तिच्यापुढे सासूबाई, चष्मा लावून, ताठ बसलेल्या.

साहेबांचं भाषण संपलं. "आणि आता मॅडम एकेचाळीस नंबरच्या कलाकाराचं नाव उघडतील!"

बाईंनी नाव उघडलं नाही. त्यांनी कपाटातून आणलेली वही उघडली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. ब्लँक म्हणजे काय हे चार वाक्यांत सांगितलं. मग म्हणाल्या, "हा कागद मी घरी धुण्याच्या मशीनवरून उचलला. तो माझ्या सासूबाईंच्या हातचा आहे, हे मला नंतर कळलं. त्याची किंमत मला ओळखता आली नाही. त्याबद्दल मी त्यांची माफी मागते. पण सातव्या नियमाप्रमाणे एकेचाळीस नंबर बाद."

डॉक्टरांची चौकट काळी झाली.

"मी एकोणपन्नास दिले आणि आजही देईन!" शिक्षक गरजले. "वर्तुळ ते वर्तुळ. ते हाताने काढलंय की डब्याने, हा तपशील झाला."

"अजाणतेपणा हेच तर त्याचं सौंदर्य," सजावटकार म्हणाले. "मी तेच सुचवलं होतं."

"कुठे सुचवलं होतं?" कोणीतरी विचारलं.

"शब्दांच्या मधे."

"ते राहू दे," स्टोअरकीपर म्हणाला. "मॅडम, मग आता पहिलं कोण?"

"दुसरं आलेलं. सतरा नंबर." बाईंनी सगळ्यांच्या देखत कुलूपबंद फाइल उघडली. सतरा नंबरच्या पुढचं नाव वाचलं, परत एकदा वाचलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

सतरा नंबर साहेबांची भाची होती.

मग जो गलका उठला त्यात कोण काय बोलतंय तेच कळेना. "गेलं का पुन्हा साहेबांच्याच घरी!" "म्हणजे पहिलं बाद कशाला केलं ते कळलं!" "वहीत काय, आजसुद्धा लिहिता येतं!" साहेब हातवारे करत होते, पण त्यांचा आवाज बंद होता आणि तो कसा सुरू करायचा हे त्यांना माहीत नव्हतं. बाईंनी वहीतली तारीख पुन्हा कॅमेऱ्यासमोर धरली. कोणी बघत नव्हतं. पंधरा वर्षांत कमावलेली सही आपल्या डोळ्यांदेखत पातळ होताना त्या बघत होत्या.

"एक मिनिट!"

हा आवाज खालच्या ओळीतून आला. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. पडद्यावर आता फक्त त्यांची हनुवटी दिसत होती.

"दोन दिवस गप्प बसलेय मी. आता नाही बसणार. तो पहिला आलेला कागद माझा ब्रश पुसायचा कागद आहे! ब्रश धुतला की त्यावर पुसायचा आणि वर साबणाचा डबा ठेवायचा, उडून जाऊ नये म्हणून. त्याला कोण चित्र म्हणतं? माझं चित्र वेगळं आहे. विहीर. ते कुठाय?"

"आई," बाई हळूच म्हणाल्या, "तुमचं चित्र म्हणजे?"

"मी पाठवलं होतं. माहेरच्या नावाने. 'कर्मचाऱ्याशी नातं' विचारलं होतं, तिथे 'जवळचं' लिहिलं. तीन आठवडे खपले मी त्या विहिरीवर, एकेक वीट मोजून. आणि यादीत तिचा पत्ता नाही! फडकं पहिलं येतं आणि विहीर गायब?"

बाईंनी फाइलमध्ये शोधलं. नंबर सव्वीस होता. त्यांनी चित्र पडद्यावर आणलं. काळं, जाडजूड, गोल, काठाला नक्षी असलेलं काहीतरी होतं.

"ही विहीर आहे?" शिक्षकांच्या तोंडून निघून गेलं.

"मग काय आहे?"

शिक्षकांचा शेरा चित्राच्या खालीच होता: 'हात बरा आहे. परंतु विषय पाणी होता, टायर नव्हे.'

सासूबाईंनी तो मोठ्याने वाचला. कोणी हसलं नाही. सगळ्यांनी एकाच वेळी आपापला आवाज बंद केला.

"थांबा, थांबा," स्टोअरकीपर म्हणाला. त्याने खुर्ची पुढे ओढली. "मॅडम, मला नीट समजू दे. तुमच्या सासूबाईंनी नियम मोडून, चोरून चित्र पाठवलं?"

"असं दिसतंय."

"त्याला गुण किती?"

"एकोणतीस."

"आणि यादीत यायला?"

"तीस."

"एक गुण? एका गुणासाठी तुमच्या सासूबाई यादीबाहेर?"

"तीसपेक्षा कमी म्हणजे कमी," बाई म्हणाल्या.

स्टोअरकीपरने दीर्घ श्वास घेतला. "साहेब, तुमचा आवाज बंद आहे तो तसाच राहू दे, फक्त ऐका. बक्षीस भाचीला द्या. माझं काही म्हणणं नाही. जी बाई एका गुणासाठी घरातल्या सासूला बाहेर ठेवते, आणि आता इथून उठून त्याच घरी जेवायला जाणार आहे, तिच्या सहीकडे मी दोनदा काय, एकदासुद्धा बघणार नाही."

टाळ्या पडल्या. साहेबही वाजवत होते, बिनआवाजी.

फ्रेम स्वागतकक्षात तशीच राहिली. शिक्षकांनी तसंच आणखी एक मागितलं म्हणून सासूबाईंनी आठवडाभर मुद्दाम ब्रश पुसून पाहिले. पण पुसताना लक्ष जायला लागलं आणि ते जमेना. विहीर घरातल्या दिवाणखान्यात लागली, सोफ्यावरून नीट दिसेल अशा उंचीवर.

"तू शास्त्र शिकलेली," एका संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या. "खरं काय ते सांग. यात काय दिसतं?"

बाई चित्रासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी जवळून बघितलं, लांबून बघितलं. त्या आजवर खोटं बोलल्या नव्हत्या. काळ्या गोलाच्या मधोमध, नखाएवढा, निळा ठिपका होता.

"पाणी दिसतंय, आई."

"कसलं?"

"पिण्याजोगं वाटतंय."

"मग सही कर," सासूबाईंनी पेन पुढे केलं. "खाली, त्या कोपऱ्यात."

बाईंनी पेन हातात घेतलं, दोन क्षण थांबल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच नमुना न तपासता सही केली.